निळ्या वहीत माझा उल्लेख होण्याबाबत

विषय : पत्नीच्या निळ्या वहीत अर्जदाराचा किमान एकदा उल्लेख होण्याबाबत.

संदर्भ : १) सदर वही, पाने एक ते ब्याण्णव. २) व्हायोलिनवाले सर.

उपरोक्त विषयास अनुसरून वाचकांच्या निदर्शनास आणून देण्यात येते की, प्रस्तुत अर्जदार हा चौतीस वर्षे कारकुनी करून सेवानिवृत्त झालेला, निर्व्यसनी, बऱ्यापैकी वाचन असलेला आणि स्वभावाने अजिबात मत्सरी नसलेला इसम आहे. (शेवटच्या बाबीसंबंधी घरात मतभेद आहेत.)

आता सरळ बोलतो. सुरुवात अशी केल्याशिवाय माझं पेन चालतच नाही, त्याला माझा इलाज नाही. कचेरीच्या सवयी माणूस निवृत्त झाला म्हणून निवृत्त होत नाहीत. आमच्या कचेरीत वाचलेल्या प्रत्येक कागदावर समासात 'पाहिले' लिहून खाली आद्याक्षरं आणि तारीख टाकायची पद्धत होती. ती माझ्या हातात इतकी भिनली, की लेकीच्या चौथीतल्या निबंधावर मी 'पाहिले' लिहिलेलं आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. लग्न ठरल्यावर बायकोने मला एकच पत्र पाठवलं होतं. ते लग्नानंतर तिला माझ्या कपाटात सापडलं. त्यावर माझ्याच अक्षरात 'पाहिले. फाइलला लावावे' असं होतं. त्यावरून ती आठ दिवस बोलली नव्हती. मला वाटतं, नवव्या दिवशी पाहुणे आले होते म्हणून बोलली.

बायको शिक्षिका आहे. तिच्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. गेल्या तीन महिन्यांपासून ती रोज संध्याकाळी सहाला जेवणाच्या टेबलाशी बसून एका निळ्या वहीत एक पान लिहिते. एकदा मी विचारलं, "काय लिहितेस एवढं?" ती म्हणाली, "असंच. रोजचं." मी म्हटलं, "हं," आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं.

पण एका दुपारी मला चिकटपट्टी हवी होती. (वर्तमानपत्र मधून फाटलं होतं.) तिच्या टेबलाच्या खणात हात घातला तर वही हाताला लागली. एकच पान बघायचं असं मी ठरवलं. एका पानाने कोणाचं काय बिघडतं?

पान व्यवस्थित होतं. शाळेच्या वेळापत्रकासारखी चार सदरं पाडलेली : कुटुंब, काम, संगीत, जग. मी अर्थातच 'कुटुंब' आधी वाचलं. स्वतःला शोधायला. त्या पानावर मी नव्हतो. पुढच्या पानावर नव्हतो. तेव्हा मी पेन्सिल घेऊन रीतसर बसलो आणि चार दुपारी खर्ची घालून अख्खी वही तपासली. निष्कर्ष असा : लेकीचा उल्लेख एकवीस वेळा. मेहुणीचा नऊ वेळा. कपडे धुण्याच्या मशीनचा सहा वेळा, तोही मायेने. 'बिचारं एवढी वर्षं कुरकुर न करता चालतंय,' असं पान अठरावर लिहिलं होतं. माझा उल्लेख : शून्य. उलट पान एकतीसवर असं होतं : 'आज अर्ध्या दिवसाची सुट्टी. घरी आले तर घरात कोणीच नाही. बरं झालं, वही होती.'

ती तारीख मला पक्की आठवते. मी त्या दिवशी घरातच होतो. समोरच्याच खुर्चीत होतो. तिने केलेला चहासुद्धा प्यायलो होतो!

तरीही मी सोडून दिलं असतं. 'संगीत' हे सदर वाचलं नसतं तर.

'मधल्या सुट्टीत सरांनी व्हायोलिन वाजवलं. संपल्यावर बराच वेळ स्टाफरूममध्ये कोणी बोललंच नाही.' पुढच्या पानावर, 'सरांनी आज नवीन तार बसवली.' त्याच्या पुढच्या पानावर, 'नवीन तार रुळायला वेळ लागतो, असं सर म्हणाले.' बरं, गृहस्थाने आपल्या सदरात राहावं की नाही? हे 'काम'मध्येही होते. 'जग'मध्येही होते. 'परवाची युद्धाची बातमी वाचून जीव थाऱ्यावर नव्हता. सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत.' एकूण उल्लेख सत्तेचाळीस. (खात्री करायला पुन्हा मोजले, तेव्हा अठ्ठेचाळीस भरले.) फक्त 'कुटुंब' या सदरात ते अजून शिरले नव्हते, आणि वहीत आठ पानं कोरी होती.

संध्याकाळी मी लेकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या आईच्या शाळेत ते व्हायोलिनवाले कोण आहेत गं?"

"सर होय? किती छान आहेत ना!"

"छान म्हणजे काय?"

"उंच आहेत."

"उंच असणं हा काही गुण नाही."

"केसही आहेत सगळे," ती माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली. "बाबा, जळताय का?"

"मी? मला काय करायचंय? नुसती माहिती विचारली."

"मग तोंड का असं झालंय?"

"चहा कडू आहे."

"बाबा, तुमच्या हातात पाणी आहे."

आता माणूस प्रत्यक्ष बघणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोच्या पर्समधून तिचा चष्मा काढून ठेवला आणि अकरा वाजता तो द्यायला धावतपळत शाळेत गेलो. (माणूस काळजी घेणारा आहे, हे वहीत यायला एवढं पुरेसं होतं.) व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि व्हायोलिन ऐकू आलं. मी स्टाफरूमच्या दाराशी उभा राहिलो. मला एवढंच म्हणायचंय, की ते वाईट वाजवत असते तर मी त्यांना तिथल्या तिथे क्षमा केली असती. पण ते वाईट वाजवत नव्हते. व्हायोलिनच्या पेटीचं झाकण पडेपर्यंत मी चष्मा कशासाठी आणला तेच विसरलो होतो.

सर उभे राहिले. बराच वेळ उभे राहत होते, इतके उंच. "या ना! बाईंचे मिस्टर ना तुम्ही? बाई नेहमी सांगतात, तुम्ही फार कामात असता."

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती.

"अहो, हा चष्मा तुमच्याकडे कसा?" बायको म्हणाली. "सकाळी मी स्वतः पर्समध्ये ठेवला होता."

"पडला असेल."

"बंद पर्समधून?"

मी चष्मा पुढे केला. मग ती सरांना सहावीतल्या कुठल्याशा मुलीचं काहीतरी सांगू लागली आणि मी सरांचं निरीक्षण केलं. ऐकताना ते मान किंचित डावीकडे कलती ठेवत, खांद्यावर व्हायोलिन असल्यासारखी, आणि डोळे बोलणाऱ्यावर. बस्स, एवढंच. एवढ्यावर अठ्ठेचाळीस उल्लेख!

त्या संध्याकाळी बायको बोलू लागताच मीही मान डावीकडे कलती केली.

"आखडली का?" ती म्हणाली. "मलम आहे खणात. लावून टाका."

पुढच्या आठवड्यात तिने जाहीर केलं, की शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या मुख्याध्यापिका, तिच्या वहीतली दोन-तीन पानं वाचून दाखवणार आहेत. वही सकाळीच त्यांच्याकडे गेली होती. या मोठ्या बाईंची ख्याती मला ठाऊक होती. कागदावर जे असेल ते त्या वाचतात, सगळंच्या सगळं. आदल्या वर्षी पाहुण्यांचं स्वागत करताना त्यांनी खणखणीत आवाजात 'येथे टाळ्यांसाठी थांबावे' असंही वाचलं होतं. बायकोने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. तेव्हा मी ऐकत होतो, हे नमूद करतो.

शनिवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसलो. उजवीकडे लेक, डावीकडे बायको. तिच्या हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली होती. तिचं लिहिलेलं पहिल्यांदाच चारचौघांत वाचलं जाणार होतं. मोठ्या बाईंनी वही उघडली.

"'मधल्या सुट्टीत सरांनी व्हायोलिन वाजवलं. संपल्यावर बराच वेळ स्टाफरूममध्ये कोणी बोललंच नाही.'" सभागृह शांत होतं. वाचन खरोखर चांगलं चाललं होतं. मग त्याच आवाजात, त्याच भावनेने बाई पुढे वाचू लागल्या, "'पाहिले. सदर गृहस्थांचा एकाच पानावर चार वेळा उल्लेख. आवश्यकता तपासावी.'"

चार दुपारी. हातात पेन्सिल. ब्याण्णव पानं. देवाशपथ सांगतो, मला आठवतही नव्हतं. डोकं हिशेब करत होतं आणि हात आपलं चौतीस वर्षांचं काम इमानाने उरकत होता. आणि बायको लिहून झालेलं पान पुन्हा उघडून बघत नाही.

"अहो," बायको समोर बघतच म्हणाली, "हे काय आहे?"

"बहुतेक छपाईतली चूक."

"हाताने लिहिलेल्या वहीत?"

मोठ्या बाईंनी चष्मा सारखा केला आणि पान उलटलं. "'आज अर्ध्या दिवसाची सुट्टी. घरी आले तर घरात कोणीच नाही. बरं झालं, वही होती.' समासात, 'वस्तुस्थितीशी विसंगत. खाली सही करणारा दिवसभर घरात हजर होता. चहाही घेतला.'" मागच्या रांगांत खुसखुस सुरू झाली. "'सर म्हणाले, हल्ली ऐकणारे कमी झाले आणि ओरडणारे वाढले.' समासात, 'सर म्हणाले, हा पुरावा नव्हे. खुलासा मागवावा.'"

यानंतर सभागृहात जे झालं त्याला हशा म्हणणं अपुरं होईल. एक पालक खुर्चीवरून घसरले. लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. लोकांना वाटलं असेल, बापावर किती जीव आहे! फक्त व्हायोलिनवाले सर हसले नाहीत. मान किंचित डावीकडे कलती करून ते शेवटपर्यंत ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत.

आम्ही घरी आलो. बायकोने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"पान एकतीस," ती म्हणाली.

"मी होतो घरात. तुला शपथेवर सांगतो."

"माहीत आहे. त्या दिवशी सहावीतली ती मुलगी पहिल्यांदा उभी राहून वाचली. वर्षभर तोंडातून शब्द काढला नव्हता तिने. मी चपलाही न काढता तुम्हाला सांगायला आले. तुम्ही काय म्हणालात?"

मी आठवून पाहिलं. आठवायला काही सापडेना.

"'हं' म्हणालात. आणि पान उलटलंत."

आता 'हं' म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. कचेरीत आम्ही ज्या कागदाला 'हं' म्हणायचो, तो कागद पुन्हा कोणी बघत नसे.

"माझं लिहिलेलं आज गावासमोर वाचलं जाणार होतं," ती म्हणाली. "लोकांना त्यातलं काय लक्षात राहिलं? तुमचा समास." एवढं बोलून ती उठली, आणि तिचे डोळे मी पाहायच्या आधीच आत गेली. मी 'पाहिले' असं लिहू शकलो असतो, अशी ती गोष्ट नव्हती.

त्या दुपारी मी वर्तमानपत्र उघडलं नाही. अर्ज लिहायला बसलो. विषय, संदर्भ, महोदया, सगळं रीतसर. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी, वर्तनात सुधारणा करण्याची हमी, आणि शेवटी नम्र विनंती की, वहीत अर्जदाराचा एखादा तरी उल्लेख व्हावा, कोणत्याही सदरात चालेल. मशीनच्या खालोखाल असला तरी हरकत नाही. अर्ज तिच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो लाल शाईने माखून परत आला. 'अक्षर सुंदर. आशय कमी. दिलगिरी अकराव्या ओळीत का? ती पहिल्या ओळीत हवी. दहापैकी चार. पुन्हा लिहून आणा.'

मी पुन्हा लिहिला. साडेपाच पडले. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "असू द्या," म्हणाली. "विचार करते. पण आधी प्रात्यक्षिक." तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाच्या आधी अर्धा तास ती शाळेतलं सांगते आणि मी ऐकतो. वर्तमानपत्र दुसऱ्या खोलीत ठेवावं लागतं. मान सरळ ठेवायची परवानगी आहे. 'हं' म्हणायची नाही. पहिले दोन-तीन दिवस मला घाम फुटला, पण आता त्या सहावीतल्या मुलीचं पुढे काय झालं हे मीच विचारतो. काल ती वर्गात भांडली म्हणे. मला फार बरं वाटलं.

जुनी वही भरली. नवी वही हिरवी आहे आणि ती आता खणात नसते, उघडी टेबलावर असते. प्रत्येक पानाच्या तळाशी बायकोने पट्टीने चौकटी आखून त्यावर 'पाहिले' असं स्वतःच्या हाताने लिहिलंय. "तुम्हाला सही केल्याशिवाय चैन पडत नाही ना? घ्या." पहिल्या दिवशी ती चौकट बघून मी लगेच खुर्ची ओढली. मी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि वाकलो.

चौकटी दोन होत्या. वही सकाळी आधी बायकोबरोबर शाळेत जाते, मग टेबलावर येते. पहिल्या चौकटीत व्हायोलिनवाल्या सरांची सही होती, उंच अक्षरात.

मी दुसरीत केली. रोज करतो. हिरव्या वहीची आजवर सव्वीस पानं झाली असून मशीनचा उल्लेख दोनदा आलेला आहे. अर्ज प्रलंबित आहे.