काका, पाणी आत घ्या!

माझ्या हातून झालेल्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात एखाद्या अगदी साध्या वाक्याने झालेली आहे. या वेळचं वाक्य होतं, "अगं, एकटा कुठे असतो मी? रविवारी आम्ही सगळे फिरायला जातो."

हे मी बायकोला फोनवर म्हणालो. मुलीला जुळं झालं, जावई सतत फिरतीवर, म्हणून महिनाभर आईने तिकडे जावं असं ठरलं होतं. महिनाभर म्हणजे काय हे त्या जुळ्यांना कोणी समजावून सांगितलं नसावं. महिने उलटत गेले, दोघं आळीपाळीने रडत राहिली आणि आमची ही तिकडेच राहिली. रोज फोनवर तिचा एकच प्रश्न असे, "एकटे कंटाळत नाही ना?" मी नुसता सुस्कारा जरी टाकला असता, तरी तिने दुसऱ्या दिवशी बॅग भरली असती. आणि मुलीची अवस्था मला माहीत होती. मागच्या खेपेला ती माझ्याशी बोलता बोलता झोपून गेली होती. (माझ्याशी बोलताना माणसं झोपतात याची मला सवय आहे, पण ती वाक्याच्या मध्येच झोपली.) तेव्हा हिला तिकडेच राहू द्यायचं, आणि त्यासाठी आपण मजेत आहोत असं भासवायचं, एवढंच मी ठरवलं.

"सगळे म्हणजे कोण?" हिने विचारलं. लग्नापासून आजवर हिने माझं एकही वाक्य चौकशी केल्याशिवाय आत घेतलेलं नाही.

समोर वर्तमानपत्र पडलं होतं. त्यात चिखलाने माखलेल्या जीपगाड्यांचा फोटो होता. मी म्हणालो, "जीपवाले. ओढ्यानाल्यांतून गाड्या घालतात ना, ते. मोठं मंडळ आहे."

"तुम्ही कोणाच्या जीपमधून जाता?"

इथे दुसऱ्या कोणाचंही नाव घेतलं असतं तरी निभावलं असतं. पण माझं डोकं ऐन वेळी सुट्टीवर जातं. "माझ्याच," मी म्हणालो. "घेतलीय. सगळे माझ्याच गाडीत बसतात. गाडी कशी भरलेली असते!"

फोनवर थोडा वेळ एका नातवाचं रडणं ऐकू आलं. मग ही म्हणाली, "बरं झालं बाई. पण पाय ओले करू नका. पाय ओले झाले की तुम्ही आठवडाभर शिंकता, आणि आता बघायला मी नाही. एक जरी शिंक ऐकू आली ना, तर मी तडक निघून येईन."

तर असा मी, सायकलवरून ऑफिसला जाणारा माणूस, पुढच्याच आठवड्यात एका जुन्या जीपचा मालक झालो. खोटं बोलायची मला लाज वाटते, पण खोटं पकडलं जाण्याची त्याहून जास्त वाटते. 'चिखलमित्र' नावाच्या मंडळाचा सभासदही झालो. मंडळाच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणायचे. त्याचं गाद्यांचं दुकान होतं. त्याने माझी गाडी पाहिली, पाण्यात इंजिन बंद पडू नये म्हणून आधीच्या मालकाने त्याची हवेची नळी छतापर्यंत उंच नेलेली पाहिली आणि म्हणाला, "काका, झकास! फक्त थोडं पाणी आत येईल. ते चालतं."

चालतं कसं? मुलीचं सगळं घर माझ्या शिंकेवर अवलंबून होतं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी पाणीपुरवठा खात्यात गळतीच्या टेबलावर बसतो. कोणाची तोटी गळते, कोणाची टाकी झिरपते, त्या तक्रारी ऐकून घेणं हे माझं काम. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही गळती थांबलेली नाही, पण पाणी कुठून कुठून आत शिरतं याचं ज्ञान मात्र भरपूर जमलं आहे. ते सगळं मी त्या जीपवर ओतलं. दारांची रबरं बदलली. क्लच-ब्रेकची पेडलं जिथून खाली जातात त्या फटी सिलिकॉनने बुजवल्या. गिअरच्या दांड्याभोवती जुन्या रेनकोटचा झगा शिवला. गाडीच्या तळाला चार भोकं होती. ती कशाला ठेवली असतील हे मला कळेना. तक्रार करायला जागा असावी म्हणून ठेवली असतील, असं समजून तीही कायमची बंद करून टाकली.

मग चाचणी. गळतीची चाचणी हे दोन माणसांचं काम आहे. एकाने बाहेरून पाण्याचा पाइप धरायचा, दुसऱ्याने आत बसून ओल कुठे येते ते बघायचं. दुसरं माणूस कुठून आणू? इतक्या दिवसांत घरात आलेलं दुसरं माणूस म्हणजे मीटर बघणारा, आणि तोही दारातूनच गेला. शेवटी पाइप खुर्चीला बांधला, नळ सोडला, धावत जाऊन गाडीत बसलो आणि दार लावून घेतलं. खुर्ची कलंडली. पाणी शेजारच्यांच्या खिडकीत जाऊ लागलं. मी उतरून खुर्ची सरळ केली, पुन्हा धावत आत. असं बराच वेळ चाललं.

शेजारचे दंतवैद्य कुंपणापाशी येऊन उभे राहिले. काचेतून ओरडून त्यांनी विचारलं, "आत काय करताय?"

"पाणी येतं का बघतोय!"

"बाहेर या, म्हणजे नाही येणार!"

मला खरं तर म्हणायचं होतं, की डॉक्टर, जरा आत येऊन बसा ना. गाडी अगदी कोरडी आहे, बाहेर पाण्याचा आवाज येतोय, बरं वाटतं. पण तोवर त्यांची मुलं त्यांना हाका मारत आली आणि ते गेले. मी तसाच बसून राहिलो. काचांवरून पाणी वाहत होतं, आत एक थेंब नव्हता, आणि इतक्या यशस्वी माणसाला इतकं एकटं वाटू नये असं मला वाटलं.

मग तो रविवार आला. ओढ्याच्या काठावर सहा-सात गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीतून माणसं ओसंडत होती. बायका, मुलं, मेव्हणे, सासरे, डबे, उशा, एक कुत्रा. मी काठावरून हिंडत एकेकाला विचारत होतो, "माझ्या गाडीत बसता का? आत पाणी येत नाही." औषधांचा दुकानदार म्हणाला, "पाणी नको असतं तर इथे कशाला आलो असतो काका?" शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "परतताना बघू हं." असलं वाक्य मी मुलीच्या लग्नाच्या वेळी स्थळांकडून ऐकलेलं आहे. त्याचा अर्थ मला कळतो.

सगळ्या गाड्या ओढ्यातून पार झाल्या. आतली माणसं पाय वर घेऊन किंचाळत होती, गाड्यांमधून पाणी गळत होतं, आणि सगळे हसत होते. शेवटी माझी पाळी आली. मी ताठ बसलो, पाण्यात शिरलो. चाकं बुडाली, पाणी दारापर्यंत चढलं. मी खाली पाहिलं. कोरडं! ठणठणीत कोरडं! आयुष्यात पहिल्यांदाच मी एक गळती थांबवली होती. आनंदाने मी मोठ्याने ओरडलोसुद्धा, आणि तेवढ्यात लक्षात आलं की समोरचा काठ डावीकडे सरकतोय.

"काका, थांबा!" काठावरून कॅप्टन ओरडला.

"मी थांबलोच आहे! गाडी चाललीय!"

"कुठे चाललीय?"

"तेच बघतोय!"

मी स्टिअरिंग फिरवलं. गाडीने त्याच्याशी आपला काही संबंध नसल्यासारखं केलं. चाकं पाण्यात नुसती फिरत होती आणि मी शांतपणे, एका बाजूला किंचित कलून, पाण्याबरोबर निघालो होतो.

"दार उघडा!" कॅप्टन पाण्यात उतरत ओरडला.

"अहो, पाणी आत येईल!"

"येऊ द्या! काका, पाणी आत घ्या!"

"इतकं सिलिकॉन लावलंय मी!"

"खड्ड्यात गेलं तुमचं सिलिकॉन! दार उघडा!"

मी दार उघडलं. ओढा जो आत घुसला, तो थेट माझ्या मांडीवर. गाडी दचकून खाली बसली, चाकं दगडांवर टेकली. कमरेइतक्या पाण्यातून कॅप्टन येऊन पोचला, मागोमाग औषधवाला, व्यायामाच्या बाई आणि कॅप्टनची बहीण.

"होडी केलीत गाडीची," कॅप्टन धापा टाकत म्हणाला. "आमच्या गाड्यांत पाणी शिरतं म्हणून चाकं जमिनीवर राहतात. शिवाय आमच्या गाड्यांत माणसं असतात. तुमची एवढी बंद, आणि वर रिकामी! तरंगणार नाही तर काय?" आणि मागे वळून म्हणाला, "चला, बसा सगळे आत. वजन पाहिजे."

आणि चौघं माझ्या गाडीत बसले! ओल्या कपड्यांनी, चिखलाच्या बुटांनी, एकमेकांना ढकलत. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. बाई हसत होत्या, औषधवाला त्याचा हरवलेला चष्मा पायाखाली चाचपत होता, कॅप्टनची बहीण मला विचारत होती, "काका, घरी कोण कोण असतं?" मला इतकं बरं वाटत होतं की मी पहिल्या गिअरमध्ये, शक्य तितक्या हळू, ओढा लांबवत लांबवत गाडी नेली. बाईंनी सगळ्यांचा फोटो काढला आणि मला पाठवला. पलीकडच्या काठावर पोचताच दारं उघडली आणि चौघं आपापल्या गाड्यांकडे निघून गेले. मी बसूनच राहिलो. तळाचं पाणीही बसून राहिलं, कारण ते बाहेर पडायची भोकं मी बुजवली होती.

घरी येऊन तो फोटो मी हिला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ, गाडी भरलेली.' लगेच फोन आला. मी तो उचलला आणि नेमका शिंकलो.

"फोटो छान आहे," ही म्हणाली. "पण सगळे पाण्यात का बसलेत? तुमच्या गाडीत पाणी येत नाही म्हणाला होतात."

"आपणहून नाही येत. मी आत घेतलं."

"का?"

"गाडी तरंगायला लागली होती."

"अशी कशी तरंगेल? एवढी माणसं बसलेली असताना?"

"ती नंतर बसली. आधी रिकामीच होती ना, म्हणून तर तरं..."

मी थांबलो, पण उशीर झाला होता. पलीकडे एकही नातू रडत नव्हता.

"रोजच रिकामी असते का हो?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "सर्दीमुळे तुझं नीट ऐकू येत नाहीये."

"मी येते," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्याचं तिकीट काढते."

मी नको नको म्हणालो. (दोनदाच म्हणालो, आणि तेही हळू.) फोन ठेवल्यावर घर झाडायला घेतलं. तिच्या बाजूच्या उशीला नवीन अभ्रा घातला. इतका आनंद झाला होता की मुलीची आठवण झाली तेव्हा माझी मलाच शरम वाटली.

त्यातच कॅप्टनचा फोन आला. "काका, आता रविवारी तुमची गाडी रिकामी जाणार नाही. सगळी सोय केलीय. एक पुढे, तीन मागे. लवकर या." मी चार टॉवेल घेतले, सीट पुसल्या, चौघांशी बोलायला विषय ठरवून ठेवले. ओढ्यावर पोचलो तर कॅप्टन आणि औषधवाला वाट बघतच होते. त्यांनी माझ्या गाडीत वाळूची चार पोती चढवली, प्रत्येक पोत्याला व्यवस्थित पट्टा लावला आणि माझ्या पाठीवर थाप मारून ते आपापल्या बायकामुलांकडे गेले.

गाडी मात्र ओढ्यातून काय सरळ गेली! ठरवलेले विषय वाया जाऊ नयेत म्हणून मी पुढच्या पोत्याला ऑफिसातल्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या.

घरी येऊन गाडी उभी करतोय तोच हिचा फोन. मागे दोन्ही नातवंडं एका सुरात रडत होती आणि मुलीचा आवाज ऐकू येत होता, "आई, तू खरंच जाणार? मग मी कसं करू गं?" असा आवाज ती शाळेच्या पहिल्या दिवशी काढायची.

"खरं सांगा," ही म्हणाली. "आज गाडीत कोण होतं?"

मी मागे वळून पाहिलं. तिघं मागे ओळीने बसले होते.

"चौघं होते," मी म्हणालो.

"माणसं कशी आहेत?"

"शांत आहेत. मध्ये मध्ये कोणी बोलत नाही. एकाने तर आज माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं."

"तुमचं? सगळं?" हिचा विश्वास बसेना. "मग पुन्हा यायचे आहेत का?"

"अगं, गाडीतून उतरायलाच तयार नाहीत."

हिने मोठा श्वास सोडला. "जिवावरचं ओझं उतरलं हो माझ्या. मग मी तिकीट रद्द करते. पोरं चालायला लागेपर्यंत राहते इथे. आणि ऐका, त्या चौघांना नुसतं बाहेरून पाठवू नका. चांगलं घरात न्या, बसवा."

मी बरं म्हणालो. मग अंधार पडेपर्यंत गाडीतच बसून राहिलो, कारण एकेक पोतं उचलायला दोन माणसं लागतात.