न तापणारा सिंथेसायझर

कंपनीच्या साहेबांनो, तुम्ही खोटारडे आहात. खोक्यावर तुम्ही ठळक अक्षरांत छापलं होतं : 'चाळीस वर्षांपूर्वीचा तोच सिंथेसायझर, जसाच्या तसा.' त्या एका ओळीवर विश्वास ठेवून तेल्हाऱ्याच्या कुलदीपनं तो मागवला आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात सगळ्या गणगोतासमोर तोंडघशी पडला.

जुना सिंथेसायझर कुलदीपच्या बाबांचा, खुशालरावांचा. अगदी स्वस्तातला, प्लास्टिकचा, आवाज नाकातून काढणारा. मोबाइलात हजार आवाज फुकट मिळतात, पण त्यांत तो आवाज नाही. आणि दुसरी गोष्ट तर कुठंच नाही. ते मशीन तापलं की त्याचा सूर हळूहळू वर सरकायचा. मे महिन्यातल्या लग्नात तापायला कितीसा वेळ लागतो? लग्नं लावणारे चिंतामण महाराज त्याच सुरावर मंगलाष्टकं म्हणायचे. सूर चढला की तेही चढायचे आणि आठव्या मंगलाष्टकाला नेमका त्यांचा आवाज फाटायचा. तो फाटला की अंतरपाट खाली, बँड सुरू. पंचक्रोशीतली शेकडो लग्नं त्या फाटक्या आवाजावर लागली. घड्याळाकडे कुणी बघत नसे.

यंदा जुनं मशीन कायमचं गप्प झालं, म्हणून हे नवं.

कुलदीपच्या बहिणीच्या, प्रणालीच्या लग्नाचा मुहूर्त बारा दहाचा होता. नवरदेव नितेश बडनेऱ्याचा. त्याचे काका केशवराव रेल्वेतून निवृत्त झालेले. मांडवात पाऊल टाकताच त्यांनी बजावलं, "मुहूर्त चुकला तं नवरदेव घेऊन आमी वापस. मंग बोलाचं नाही."

कुलदीपनं पट्टीवर बोट ठेवलं. महाराज सुरू झाले. एक झालं, चार झाली, आठही झाली. सूर जागचा हलला नाही. महाराजांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा शाबूत राहिला. बारा दहाच्या ठोक्याला ते थांबले.

अंतरपाट तसाच. बँडवाले तसेच. पाहुणे मुठीत अक्षता घेऊन उभे.

"रामराव, सोडा नं अंतरपाट!" महाराज म्हणाले.

"असा कसा सोडू?" प्रणालीचे मामा रामराव म्हणाले. "तुमचा आवाज कुठी फाटला अजून?"

"नाही फाटला तं मी काय करू?"

खुशालराव ओरडले, "कुलदीप, तापलं नाही तुहं मशीन! उन्हात ठेव त्याले!"

कुलदीपनं ते उन्हात ठेवलं. काही नाही. दुर्गाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, पुऱ्यांच्या कढईवरचं गरम झाकण आणून त्यावर पालथं घातलं. प्लास्टिकचा वास सुटला, सूर ढिम्म. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटल्या.

"दादा, मी उभी हाव म्हटलं!" अंतरपाटाआडून प्रणाली म्हणाली. "मशीनच्या आधी मीच तापून राहिली."

कुलदीपनं खोक्यावरच्या नंबरला फोन लावला. स्पीकरवर.

"सर, पुराने मॉडल में गर्मी से सुर खिसकता था," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "वो कमी हमने दूर कर दी है।"

"कमी?" खुशालराव फोनवर तुटून पडले. "अवो बाई, तेच तं मशीन होतं! बाकी काय होतं त्याच्यात? डबा?"

बाईंनी समाधान झालं असल्यास एक दाबायला सांगितलं.

तेवढ्यात कुलदीपला मशीनच्या पाठीमागं सूर खालीवर करायची चकती सापडली. "महाराज, पुन्हा घ्या! मी हातानं चढवतो." एक हात पट्टीवर, दुसरा चकतीवर. हात घामानं ओला. महाराजांनी पहिली ओळ उचलली आणि कुलदीपचा हात सटकला. सूर एका दमात आभाळात गेला. महाराजही सवयीनं मागोमाग गेले आणि तिसऱ्याच शब्दाला त्यांचा आवाज फाटला.

अंतरपाट पडला. बँड वाजला. अक्षतांचे गोळे नवरदेवाच्या फेट्यावर आदळले. गळ्यांत हार पडले.

केशवरावांनी मनगट वर केलं. "बारा एकोणीस! मुहूर्त गेला. चला वापस!"

"आठ मंगलाष्टकं बारा दहालेच झाली," खुशालराव म्हणाले.

"मंग अंतरपाट तवाच काहून नाही सोडला?"

बहिणीचं लग्न आपल्या हातानं मोडलं, असं कुलदीपला वाटलं.

"काकाजी," प्रणाली म्हणाली, "हार तं घातला मी. काढून देऊ का?"

नितेशनं हार दोन्ही हातांनी धरून ठेवला. "काका, तुमी व्हा पुढे. मी जेवून येतो. बायकोसंगच येतो."

केशवराव गेले नाहीत, जेवलेही. पण अट घालून. नेमकं लग्न कधी लागलं हे मशीनवाल्यांकडून लेखी आणा, तोवर लग्नाच्या नोंदणीवर साक्षीदार म्हणून माझी सही नाही. कुलदीपनं त्याच रात्री तुम्हाला पत्र टाकलं.

साहेबांनो, त्याला वीस दिवस झाले. तुमच्याकडून फक्त नव्या मॉडेलची जाहिरात आली. ती नको. लग्न बारा दहाला लागलं की बारा एकोणीसला, तेवढं सांगा.