नापासाच्या दारी हार

दहावीच्या निकालाच्या दिवशी नानांच्या लुनाचा आवाज आला की आमच्या गावात पटापट दारं लागतात. नाना वाईट माणूस नाही. पण लुनाच्या हँडलला झेंडूचे हार लटकलेले असतात, आणि ती ज्या दारी थांबते त्या घरचं पोर नापास झालेलं असतं. झाकून ठेवलेली गोष्ट गावभर होते, तीही हारासकट.

आमचं गाव चोपड्याच्या रस्त्यावर आहे. नानांची केळीची शेती, घरात एकटेच. केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीचा, सोपटाचा दोर वळून हार स्वतःच ओवतात. शेवटचा हार गावाबाहेरच्या एसटीच्या थांब्याला, पाटीच्या खांबाला बांधतात. पारावरचे लोक विचारतात, "काय नाना, थांबाबी नापास व्हयी गया का?" नाना हसतात आणि लुना वळवतात.

हा पुरस्कार कसा सुरू झाला ते माझ्या सासूबाई सांगायच्या. शाळेत पहिल्या आलेल्या मुलांचा सत्कार चालला होता. नाना मागून उठून म्हणाले, "यास्ना सत्कार तं व्हयी गया. नापास पोरे कोठे शेतस?" लोक पोट धरून हसले. पुढच्या निकालाला नानांनी स्वतःचाच पुरस्कार काढला. नाव 'हातगुण'. नापास झालेल्या पोराने हाताचं एक काम शिकायचं, ते आणखी कोणाला तरी शिकवायचं आणि परीक्षेला पुन्हा बसायचं. पास झालंच पाहिजे असं नाही, फक्त बसायचं.

पहिल्या वर्षी पुरस्कार घ्यायला कोणी फिरकलंच नाही. बक्षिसाचं घड्याळ अजून नानांच्याच भिंतीवर आहे. दुसऱ्या वर्षी शंकर आला, तोही भरीत खायला मिळेल म्हणून. आज शंकरचं चोपड्याला पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान आहे. मग पोरं यायला लागली, पोरी मात्र फार उशिरा. आता हिवाळ्यात नानांच्या शेतात कार्यक्रम होतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असते आणि नाव कोरलेलं पितळी ताट मिळतं. भाषण कोणालाच करू देत नाहीत.

मागच्या निकालाला माझी लेक सोनल गणितात गेली. खोलीत गेली ती जेवेना, बोलेना. तिचे वडील ओसरीत येरझारा घालत होते. "बस झाली शाळा. स्थळं बघतो," म्हणाले. तेवढ्यात लुना ऐकू आली. त्यांनी स्वतः कडी लावली.

"नाना, चुकीना घरले उनात," ते आतूनच ओरडले. "आमनी पोर पास शे!"

"मंग दार काबरं लावं?" बाहेरून नाना म्हणाले.

मी चारचौघांत बोलणारी नाही. नानांशी तर कधी शब्दही बोलले नव्हते. पण सोनलचं ताट सकाळपासून झाकलेलं होतं. मी उठले आणि कडी काढली.

नानांनी माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "माय, पोर घरमा शे ना?"

"शे," मी म्हणाले.

"मंग पास शे."

प्रत्येक दारात ते हेच म्हणतात. आम्ही हसायचो त्या बोलण्याला. त्या दिवशी मला हसू आलं नाही. नाना ओट्यावर बसून राहिले. "ती जेवनी का मी जास," म्हणाले. उन्हं कलली तेव्हा सोनल बाहेर आली आणि त्यांच्यासमोर बसून भाकरी खाल्ली. नानांनी हार घातला. तिचे वडील भिंतीकडे बघत राहिले.

सोनल शंकरच्या दुकानात मोटार भरायला शिकली. शिकवायचं कोणाला, तर नाना म्हणाले, "ज्यानी कडी लावी, त्याले शिकाड." आमच्या शेतातली मोटार जळाली तेव्हा ती बापाला शेजारी बसवून शिकवत होती. "बाबा, तार ओढू नका, तुटेल! हात हलका ठेवा." त्यांनी तार सैल धरली. स्थळांचं नाव पुन्हा निघालं नाही. परीक्षेला ती परत बसली, परत गणितातच गेली. "बठनी ना? मंग?" नाना म्हणाले. आता ती पुन्हा बसणार आहे.

भरिताच्या दिवशी ताट मिळाल्यावर नानांनी ताजा ओवलेला हार तिच्या हातात दिला. "थांबाले बांधी ये."

तिने सरळ विचारलं, "नाना, थांब्याला कशाला?"

नाना जाळाकडे बघत बोलले. त्यांचा धाकटा भाऊ भिका. त्याच्या निकालाच्या दिवशी नानांनी आधीच हार ओवून खुंटीला टांगला होता. भिका नापास झाला. घरात आला, खुंटीवरचा हार पाहिला आणि तसाच फिरून थांब्यावरून बसमध्ये चढला. परत आला नाही.

"त्याले वाटनं, हार पासवालासना शे," नाना म्हणाले. "मी तर त्यानाकरताच ववेल व्हता."

"ते आले तर तुम्ही ओळखाल?"

"माले माहीत नही. पण हार देखी तो वळखी."

सोनल, नाना आणि मी, आम्ही तिघं थांब्यावर गेलो. नाना तिच्याकडून हार घेऊन, टाचा उंचावून पाटीशी त्याचा दोर बांधायला लागले. सोनलने तो त्यांच्या हातातून घेतला.

"इतका उंच नको, नाना," ती म्हणाली. "उतरल्या उतरल्या हाताला आला पाहिजे."

तिने तो खाली, खांद्याच्या उंचीला बांधला. चोपड्याकडून बस येत होती.