कीबोर्डाचा बंदोबस्त

माझ्यासमोर कोणी दिलेला शब्द फिरवून दाखवावाच! सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. कोण काय बोललं ते जागच्या जागी टिपून ठेवायचं, हा माझा स्वभावच झालाय. त्यामुळे धाकटी बहीण भामा हिच्या नंदिताच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी बोलावण्याची वाट न बघता लॅपटॉप घेऊन तिच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. मुलीचा मामा म्हणून बोलायचं आणि मुलाकडचे पुणेकर जे बोलतील ते टाइप करायचं. एक तोंड, दहा बोटं. दोघांनाही काम!

नंदिता आणि प्रद्युम्न यांचं बेंगळुरूच्या ऑफिसात आधीच जमलं होतं. अडलं होतं ते लग्न कुठं करायचं यावर. प्रद्युम्नचे वडील नितीनराव पुण्यातल्या एका कार्यालयावर अडून बसलेले, आणि भामा आमच्या तंजावुरावर.

"अण्णा, पुण्यात आपलं कोण अहे? चार लोक जाऊन पाहुण्यासारखं जेवून यायचं? माझ्या पोरीचं लग्न माझ्या गावातच जालं पाहिजे!"

आमच्या मराठीचं हे असं. मुरलेलं लोणचं! शब्द जुने, हेल तमिळ.

पहिला व्हिडिओ कॉल लागला. नितीनराव कार्यालयाचं वर्णन करू लागले आणि मी टिपू लागलो. माझ्या बोटांना टाइपरायटरची सवय. कळ दाबायची म्हणजे ठोकायची. कट्, कट्, कडाड्!

नितीनराव थांबले. "तिकडं कोणी चकली खातंय का?"

"नाही, नाही!" भामा घाईघाईनं म्हणाली.

कट्, कडाड्!

"सावकाश खाऊ द्या हो त्यांना. आम्ही थांबतो," होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या. आवाज इतका गोड की मला ते वाक्य टिपून घेण्याचा मोह आवरला नाही. पुन्हा कडाड्!

कॉल संपला आणि भामा उसळली. "बोलणी सोडून मुलीचा मामा मुरुक्कू खात बसतो, म्हणून पुणंभर सांगतील! टायपिंग बंद!"

"टायपिंग कशाला? आवाज बंद करतो. तू बघच!"

मी कीबोर्डाखाली वेष्टीची, म्हणजे माझ्या धोतराची, घडी ठेवली. भाचा प्रणवेश पलीकडच्या खोलीत फोनवर ऐकायला बसला.

"मामा, चकली गेली! आता पापड ऐकू येतो."

घडीवर उशी चढवली. पापडाची भाकरवडी झाली, पण खाणं काही थांबेना. शेवटी प्रणवेशनं लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर चढवलं. "नको असलेला आवाज याला एकदा ऐकवायचा, मामा. मग ते तेवढाच ओळखून गाळून टाकतं. तुम्ही नुसतं टाइप करा. मी गाडीत पेट्रोल भरून आलोच."

मी टाइप केलं. आता, एकटा असलो की टाइप करताना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणायचा ही माझी जुनी पद्धत. चूक राहत नाही. स्क्रीनवर हिरवी खूण आली. शिकलं लेकाचं!

दुसऱ्या कॉलला प्रणवेश ऑफिसात होता. त्याची गरजही नव्हती. मी घसा साफ केला.

"नितीनराव, लग्न तंजावुरात होणे सर्वथैव उचित आहे. कारणे ऐकावीत."

नितीनराव चष्मा पुसत राहिले. विहीणबाईंनी मध्येच भामाला विचारलं, "हवा कशी आहे तिकडं?"

हा पुणेरी शिष्टाचार असावा! मी पुन्हा सुरुवात केली. ते आपसात कसलीशी कुजबुज करू लागले. भामानं "ऊन अहे" एवढं म्हटलं की लगेच उत्तर. माझ्या भाषणाला मात्र नुसतं कोरं हसू. माझ्या ध्यानात आलं. मी मुद्दाम पुस्तकी मराठी बोलत होतो. ते आता पुण्यातसुद्धा कोणाला कळत नसणार!

मी हळू बोललो. मग मोठ्यानं बोललो. शेजारच्या कमलाक्षी मामींनी खिडकी लावून घेतली. पुण्यात मात्र ढिम्म. अखेर मी हातवाऱ्यांवर आलो. देवळाचं शिखर दाखवायला दोन्ही हात उंच नेले. पंगत दाखवायला हवेत पानं मांडली, वाढलं, जेवलो, ढेकरही दिला. भामाच्या जिवाची तगमग दाखवायला छाती बडवली. शेवटी हात जोडले. घाम डोळ्यांत उतरला, तो उपरण्यानं टिपला.

विहीणबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "अहो, मला नाही बघवत! बोलता येत नसताना भाचीसाठी केवढी धडपड!"

नितीनराव खाकरले. "भामाताई, आधी सांगायचं होतंत. आता मामांना एवढ्या लांब कशाला आणता? आम्हीच येतो तंजावूरला."

"कोणाला बोलता येत नाही?" मी ओरडलो. "मघापासून काय करतोय मी?"

भामानं माझ्याकडं पाहिलं. स्क्रीनकडं पाहिलं. शेवटी माझीच बहीण, हिशेबाला पक्की! "सरी, सरी," म्हणजे ठीक, ठीक, असं म्हणाली आणि कॉल बंद केला.

संध्याकाळी प्रणवेशनं छडा लावला. "मामा, टाइप करताना बोलत होता? त्या सॉफ्टवेअरनं तुमचा आवाजही कचऱ्यात धरलाय!"

बेंगळुरूहून नंदितानं फोनवर बजावलं, "आई, खोटं सांगून माझं लग्न नको. आत्ताच्या आत्ता खरं सांग."

भामाचा चेहरा पडला. हाती आलेलं तंजावूर निसटणार! तरी तिनं त्याच लॅपटॉपवरून कॉल लावला आणि चकलीपासून सगळं सांगून टाकलं. मग नितीनराव असे हसले की त्यांचा कॅमेराच आडवा झाला.

"तंजावूर ठरलं ते ठरलं!" छताचा पंखा दिसत होता आणि आवाज नितीनरावांचा येत होता. "एकच अट. इथून पुढं मामा याच लॅपटॉपवरून बोलतील. आणि सेटिंगला कोणी हात लावायचा नाही!"

मी ताडकन उभा राहिलो आणि मुद्देसूद, सडेतोड हरकत घेतली.

"काय म्हणतात मामा?" विहीणबाईंनी विचारलं.

"पसंत अहे म्हणतात," भामा म्हणाली.