थोरलीचं तोंड, प्रती दहा

"ह्या प्रदर्शनात एक जरी चित्र विकलं गेलं ना भावजी, तर खोली तुमची. मी पुन्हा शब्द काढणार नाही," थोरली सून म्हणाली. "नाही गेलं, तर सोमवारी भंगारवाला येईल, तुमचं हे धूड उचलेल आणि आमची गाडी सावलीत उभी राहील."

धूड म्हणजे धाकट्याचं छापयंत्र. दोन लोखंडी रूळ, मध्ये सरकणारा पाट आणि बाजूला हे एवढं चाक. तळमजल्याची ती खोली थोरल्याच्या नावावर होती. थोरला शेजारी उभा राहून मान डोलावत होता. लग्न झाल्यापासून त्याला तेवढंच काम उरलं होतं.

धाकटा नेमकं करतो काय, हे आईला पंधरा वर्षांत उमगलं नव्हतं. जस्ताच्या पत्र्याला मेण फासायचं, ते सुईनं ओरबाडायचं, पत्रा तेजाबात बुडवायचा. मग त्याला शाई लावायची आणि लावली की लगेच फडक्यानं पुसायची.

"पुसायचीच होती तर लावलीस कशाला?"

"खाचेत उरते ती, आई. तीच छापते."

मग ओला कागद, त्यावर लोकरीचं जाड कापड आणि चाक. कागद उचलताना धाकटा श्वास रोखायचा. आईही वाकून बघायची. तिला काळा डाग दिसायचा.

"हे काय आहे?"

"काहीतरी असायला कशाला हवं? जे आहे ते आहे."

जे होतं ते असं, की पंधरा वर्षांत एक कागद विकला गेला नव्हता. चित्रांना नावंसुद्धा नव्हती. प्रत्येकाच्या पाठीवर धाकटा 'शीर्षक नाही' असं लिहायचा. आता वाळत घातलेले कागद उचलायला सांगायचे, तर आईनं "तो काळा" म्हणून भागेल का? सगळेच काळे. म्हणून तिनं आपल्यापुरती नावं ठेवली होती. नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फ्रेमवाल्याचा फोन आला. धाकट्याचे हात कोपरापर्यंत शाईत, म्हणून आईनं उचलला.

"काकू, चारही चौकटी तयार आहेत. पण मागे सगळीकडे 'शीर्षक नाही'! कुठलं कुठं लावू?"

"त्यात काय अवघड? वरून घट्ट आणि खाली ओघळलेलं, ते थोरलीचं तोंड."

"थोरलीचं तोंड. बरं, पुढे?"

"वाकडी रेघ आहे ना, जिकडे ढकलाल तिकडे जाणारी? तो थोरला. आणि मधोमध मोठा डाग, बाकी सगळे कडेला सारलेले, ती माझी नणंद."

"आणि हा पांढरा? ह्यावर तर काहीच नाही. चुकून आला का?"

आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिनं त्याचंही नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

फ्रेमवाला कामाचा पक्का; हॉलमध्ये चित्रं टांगणं-विकणंही त्याच्याचकडे. नावं कलावंताच्या आईनं सांगितलेली, म्हणजे अधिकृतच. त्यानं सोनेरी अक्षरांच्या पाट्या केल्या, चौकटींवर चिकटवल्या, आणि फोल्डरमधल्या उरलेल्या प्रतींवरही तीच नावं घातली.

धाकट्यानं काही वाचलं नाही. आपल्या चित्राखाली काय लिहिलंय, हे त्याला ठाऊकच होतं. तो चित्रांकडे पाठ करून, येणाऱ्यांचे चेहरे बघत उभा राहिला.

थोरली ठेवणीतलं नेसून, थोरल्याला आणि आत्याबाईंना घेऊन आली. दिराची फजिती बघायला तिनं ऑफिसातल्या मैत्रिणींनाही बोलावलं होतं. त्या मागून येत होत्या. पहिल्याच चौकटीपाशी एक अनोळखी गृहस्थ खुसुखुसु हसत होते. तिनं पाटी वाचली. आणि खरं सांगायचं तर तोवर साम्य नव्हतं, ते तेव्हा आलं. तोंड वरून घट्ट झालं आणि खाली ओघळलं.

तिनं आधी पाटीला नख घातलं. नख तुटलं. पाटी हलली नाही.

"हे खाली उतरवा," ती फ्रेमवाल्याला म्हणाली.

"का बरं? काही आक्षेप?"

आता आक्षेप काय सांगणार? हे तोंड माझं आहे, असं?

"विकलं गेल्याशिवाय उतरवत नाही, बाई."

"मग विकत घेतलं! उतरवा!"

धाकट्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "वहिनी! तुम्ही? अहो, मग भिंत कशाला मोकळी ठेवायची? दुसरी प्रत लावू."

"दुसरी कसली?"

"एका पत्र्यावरून दहा काढल्यात. अजून नऊ आहेत!"

फ्रेमवाला फोल्डर उघडूही लागला. दारात मैत्रिणींचे आवाज आले.

"सगळ्या द्या," थोरली म्हणाली. "आणि तो पत्रा?"

"पत्र्यावर फुली मारतो आम्ही, पुन्हा छापता येऊ नये म्हणून. पण वहिनी, हे तुम्हाला कसं सुचलं? तुम्ही जाणकार निघालात!"

मग थोरल्यानं बायकोकडे बघितलं, तिनं डोळे वटारले, आणि त्यानं आपल्या दहा घेतल्या. आत्याबाईंनी त्यांच्या दहा. मैत्रिणी आत आल्या तेव्हा भिंतीवर एक पांढरा कागद होता.

"हॉल छान आहे हं," त्या म्हणाल्या.

सोमवारी भंगारवाला आला नाही. थोरलीनं पत्र्यावरची फुली स्वतः मारली. इतकं मन लावून तिनं त्या घरात कधी कुठलं काम केलं नव्हतं. चित्रं तिच्या कपाटामागे, तोंडं भिंतीकडे.

"आई, घरच्यांना शेवटी कळलं माझं काम," धाकटा म्हणत होता, तेवढ्यात फ्रेमवाल्यानं न विकलेलं पांढरं चित्र आणून टेकवलं. धाकट्यानं पहिल्यांदा पाटी वाचली. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: धाकटा.

"बाकीच्यांवर काय होतं?"

आईनं सांगितलं. काही राखून ठेवायची तिला सवय नव्हती.

तो यंत्राच्या पाटावर बसला. "म्हणजे चित्र कुणी घेतलंच नाही."

"खोली राहिली ना?"

पांढरी चौकट जवळ ओढून त्यानं विचारलं, "हे शाई न लावता छापलेलं. नुसता पत्र्याचा दाब. काहीच नाही ह्यात, म्हणून मी?"

"लांबून काही नाही," आई म्हणाली. "हात फिरवला की कळतं, किती दाब पडलाय ते."

"चित्राला हात लावायचा नसतो, आई."

"म्हणून तर उरलं." तिनं खिळा शोधला. "लाव इथंच. आणि हे सुलटं लाव. तोंड भिंतीकडे करायची काही गरज नाही. तसंही कुणाला दिसायचं नाही."