आडनावाचा मूळ पत्ता

रविवारी दहा वाजता घराण्याच्या इतिहासाचं प्रकाशन होतं आणि शनिवारी दुपारी आत्या आली. सगळं बिघडलं ते तिथे.

नाना जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. नकाशा काढल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा कपाटं कुठून कुठे सरकवायची याचाही त्यांनी नकाशा काढला होता. निवृत्तीनंतरची तीन वर्षं ते आपल्या आडनावाच्या मागे हात धुऊन लागले होते. त्यातून बावन्न पानांचं पुस्तक आणि दिवाणखान्याच्या भिंतीएवढा नकाशा तयार झाला. त्यावर एक लाल बाण डोंगरातून निघे, समुद्राकाठी जाई, नदीच्या कडेकडेने वर येई आणि चारशे वर्षांनी नानांच्या घरात शिरे. पुरावे भक्कम होते. घरात सगळ्यांच्या पोटऱ्या जाड, म्हणून डोंगर. तिघांना पोहता येतं, म्हणून समुद्र. मूळ पुरुष तलवार घेऊन निघाला, असंही नानांनी लिहिलं होतं. त्या तलवारीचं पुढे काय झालं, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याने चष्मा पुसून नकाशा पाहिला.

"हे काय रे? पाणी कुठून गळतंय ते दाखवलंयस होय?"

"आत्या, हा आपल्या आडनावाचा प्रवास आहे."

"आडनावाचा कसला डोंबलाचा प्रवास! ते दारावरच होतं की."

"दारावर म्हणजे?"

"अरे, तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. हे घर तेव्हा भाड्याने घेतलं, विकत पुढे कधीतरी. आधीच्या भाडेकरूची पितळी पाटी दाराला तशीच होती, नुसतं आडनाव लिहिलेली. चारही स्क्रू गंजलेले. वडील म्हणाले, रविवारी काढू. तो रविवार काही उजाडला नाही. पोस्टमन पाटी वाचून पत्रं टाकायला लागला. मला शाळेत घालायच्या वेळी मास्तर घरी आले, त्यांनीही पाटीवरचंच रजिस्टरात उतरवलं. वडील म्हणाले, असू दे, बरं दिसतंय."

"मग आपलं खरं आडनाव?"

"त्याची कधी गरजच पडली नाही. सगळे घड्याळवाले म्हणायचे."

नाना मटकन खुर्चीत बसले. पुस्तकाच्या पन्नास प्रती बांधून तयार होत्या. शिवाय 'या आडनावाच्या समस्त मंडळींनी अगत्य यावे' असं निवेदन त्यांनी वर्तमानपत्रात देऊन ठेवलं होतं.

"तुम्ही बिनधास्त वाचा," बायको म्हणाली. "आत्याबाईंना मी स्वयंपाकघरात गप्पांत गुंतवून ठेवते."

रविवारी बारा माणसं अपेक्षित होती, त्रेचाळीस आली. खुर्च्या संपल्या. मागच्या खोलीत महिन्यापूर्वीच भाड्याने राहायला आलेली दातांची डॉक्टर बिचारी आपल्या दोन खुर्च्या घेऊन आली, तर एका जाडजूड काकूंनी तिची हनुवटी धरून जाहीर केलं, "हे बघा! नाक अगदी आपल्या घराण्याचं!" डॉक्टर नको नको म्हणत असताना तिला पहिल्या रांगेत बसवण्यात आलं.

मग नकाशावरून जुंपली.

"आमचे पूर्वज बेटावरचे. बेट कुठाय यात?"

"बेट राहू द्या, आम्ही वाळवंटातले. आमचा बाण काढा आधी."

नाना स्टुलावर चढून बाण काढत राहिले. अकरा वाजेपर्यंत नकाशाची मांजराने खेळलेली लोकर झाली होती. तेवढ्यात एक काठीवाले आजोबा उशिरा आले. ते आत येईनात. दारातच उभे राहून पाटीवरून हात फिरवत राहिले.

"ही आमची पाटी," ते म्हणाले. "माझे आजोबा या घरात भाड्याने राहायचे."

नानांच्या हातात पुस्तक होतं, समोर त्रेचाळीस जोड्या डोळे होते. तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, या विचाराने त्यांना रडू यायच्या बेतात होतं. पण आयुष्यभर त्यांनी कुणाचा बांध एक इंचही सरकवला नव्हता. ते स्टुलावरून उतरले.

"आजोबा, आडनाव तुमचंच," ते म्हणाले. "आम्ही नुसतेच त्या पाटीमागे राहिलो. आमच्या आजोबांना स्क्रू काढायचा कंटाळा आला, एवढाच आमचा इतिहास. डोंगर नाही, समुद्र नाही. तलवार तर नाहीच नाही. मला माफ करा."

काठीवाले आजोबा गदगदून हसायला लागले.

"माफी कसली मागताय! मी तरी कशाला आलो होतो? आमचं आडनाव आलं कुठून, ते तुम्हाला विचारायला! आमचे आजोबा सांगायचे, आम्ही राहायला आलो तेव्हा पाटी दाराला होतीच. स्क्रू गंजलेले होते, म्हणून राहू दिली."

मग जाडजूड काकूंनी घसा खाकरला. "आमचे पणजोबासुद्धा सुरुवातीला याच गल्लीत... भाड्यानेच..."

"आमचेही," बेटवाले हळूच म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारातून आत्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मी कालच सांगितलं होतं!"

त्या दिवशी पन्नासच्या पन्नास प्रती गेल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर नानांनी हाताने दुरुस्ती करून दिली. भिंतीवरचे बाण त्यांनी पांढऱ्या रंगाने पुसून टाकले आणि एकच लाल ठिपका ठेवला. खाली लिहिलं : 'आडनाव येथेच आहे. माणसे येतात-जातात.' खात्यात काढलेल्या कुठल्याही नकाशाने त्यांना इतकं समाधान दिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मागच्या खोलीतली डॉक्टर एक पाकीट घेऊन आली. तिचा चेहरा गोंधळलेला होता.

"नाना, हे माझं पत्र आहे, दवाखान्यातून आलंय. पण माझ्या नावापुढे त्यांनी तुमचं आडनाव लिहिलंय. पत्ता विचारायला त्यांचा माणूस आला होता, त्याने बहुतेक पाटी वाचली. आता कळवायला हवं त्यांना."

नानांनी चष्मा लावून पाकीट निरखून पाहिलं. मग ते प्रेमाने परत केलं.

"कळव की," ते म्हणाले. "रविवारी कळव."