हवालदारांची उदबत्ती

विनय मंगळवारी दुपारी गेला. जेवून उठला, हात धुतले आणि मोरीपाशी खाली बसला. मी पाणी आणेपर्यंत तो गेला होता.

विनय माझा धाकटा भाऊ. लग्न दोघांनीही केलं नाही. साताऱ्यातल्या घरात आम्ही दोघंच राहायचो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्त झाले. तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पण मला सांगायचं आहे ते खरात हवालदारांबद्दल. विनयबद्दल मला अजून लिहिता येत नाही.

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत खरात हवालदारांची स्पीकर दुरुस्तीची शेड आहे. तिथं आत जाताना लोक चपला बाहेर काढतात, कारण हवालदार दुरुस्तीला आलेल्या स्पीकरच्या पेटीभोवती उदबत्ती फिरवत असतात. नवं गिऱ्हाईक हात जोडून उभं राहतं. "आवं, पूजा न्हाई ही. हवा शोधतोय," हे वाक्य ते दिवसातून चार वेळा तरी म्हणत असतील. लोकांना ते पटत नाही. एका बँडवाल्यानं तर पेटीपुढं नारळ ठेवला आणि तो परत नेईना. शेवटी हवालदारांनी त्या नारळाची चटणी केली.

मी त्यांच्यापर्यंत पोचले त्याला कारण विनयची पेटी. गिटारचा आवाज ज्यातून येतो ती, प्लायवूडची, चारी बाजूंनी बंद, आत दोन मोठे स्पीकर असलेली. ती त्याच्या खोलीत असायची आणि भिंतीच्या अलीकडे मी वाचत बसायचे. बावीस वर्षं. जाड तारेचा सूर भिंतीतून यायचा तो दारावर मुठीनं एकदाच ठोका मारावा तसा. आला आणि थांबला. मी कधी त्याचं कौतुक केलं नाही. पुष्कळदा "जरा हळू" एवढंच म्हटलं.

तो गेल्यावर तीन महिन्यांनी त्याचा ऑर्केस्ट्रातला मित्र मिलिंद आला आणि त्यानं ती पेटी लावली. मी माझ्या जागी जाऊन बसले. आवाज आला तो गादीवर काठी मारल्यासारखा.

"ताई, आवाज सैल पडलाय," मिलिंद म्हणाला.

"तुझी बोटं वेगळी, म्हणून असेल."

"बोटांचं नाही हो. विन्या असताना याच पेटीवर मी किती वेळा वाजवलंय. पेटीलाच काहीतरी झालंय."

साताऱ्यातल्या एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, स्पीकर म्हातारे झाले, टाकून द्या. दुसऱ्यानं सांगितलं, आवाज ठीक आहे, तुमच्या मनात दुःख आहे. आठवडाभर मला दुसऱ्याचंच बरोबर वाटत होतं. पण तो आवाज मला एकदा तरी पहिल्यासारखा ऐकायचा होता. त्यापलीकडे त्या दिवसांत मला काही नको होतं. मिलिंदनं हवालदारांचं नाव ऐकलं होतं. त्यानं पेटी, गिटार आणि मला व्हॅनमध्ये घातलं आणि कुपवाडला नेलं.

हवालदार वडूजकडचे. घरची मेंढरं, पण हे फौजेत गेले, सिग्नलमध्ये हवालदार झाले. तिथं रेडिओ उघडायला शिकले ते अजून काहीतरी उघडतच आहेत. अंगानं काटकुळे. डोक्याला भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी. शेडमध्ये खुर्ची एकच, ती गिऱ्हाइकाला. अट अशी, की खुर्चीत बसलेल्यानं बोलायचं नाही. आणि 'खराब' हा शब्द तिथं चालत नाही.

"स्पीकर खराब झालेत का बघा," मिलिंद म्हणाला.

"खराब काय नसतंय. रजेवर गेलंय. कुठं गेलंय त्ये बघायचं आन माघारी बोलवायचं."

"नाही, म्हणजे बेसला घट्टपणा नाही, वरचे सूर ठीक आहेत, मला वाटतं की…"

"गड्या, तू लय बोलतोस. पेटीला बोलू दे की जरा."

मग त्यांनी पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. सगळीकडून. मग टेबलावर केलं. मग पत्र्यावर, मग रिकाम्या डब्यावर, मग मिलिंदच्या पाठीवर. "ह्यो भरीव हाय," असं मला सांगितलं. मी किती दिवसांनी हसले ते मला आठवलं नाही.

"कळपात कुठलं मेंढरू खोकलं, त्ये आमच्या बाला न बघता कळायचं," ते म्हणाले. "ही खोकतीय. मागनं."

त्यांनी उदबत्ती पेटवली. मिलिंदला जाड तार पुन्हापुन्हा छेडायला लावली आणि उदबत्ती पेटीच्या मागच्या फळीच्या कडेनं हळूहळू न्यायला लागले. धूर सरळ वर जात होता. वरच्या कडेला सरळ, डाव्या कडेला सरळ. खालच्या उजव्या कोपऱ्याशी आला आणि तार वाजली तसा धूर बाजूला फेकला गेला. पुन्हा तार, पुन्हा धूर बाजूला.

"हितनं हवा चाललीय. हवा कोंडली न्हाई तर आवाज घट्ट कसा व्हनार?"

स्क्रू काढून त्यांनी फळी उघडली. बॅटरीतला एक सेल घेऊन आतल्या दोन्ही स्पीकरच्या तारांना लावून पाहिला. एका स्पीकरचा पडदा पुढं आला, दुसऱ्याचा मागं गेला.

"ह्ये बघा. एक पुढं चाललाय, दुसरा माघारी फिरलाय. एकानं ढकललेली हवा दुसरा ओढतोय. तारा उलट्या हायत. कुणी उघडली हुती ही?"

"कुणीच नाही," मिलिंद म्हणाला. "विन्यानंतर कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"मी उघडली होती," मी म्हणाले.

सुतक फिटलं की घरातलं सगळं धुतात. चादरी, पडदे, भांडी, फरशा. चुलत बहिणी आल्या होत्या धुवायला, पण विनयच्या खोलीतलं मी कुणाला धुऊ दिलं नाही. मी धुतलं. पेटी धुता येईना, म्हणून मागची फळी काढली, साबण लावून ब्रशनं घासली आणि दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवली. कडेनं फोमची काळी पट्टी होती, ती मळकी दिसली म्हणून सुरीनं खरवडून टाकली. आतली धूळ पुसताना तारा निघाल्या, त्या मला जमल्या तशा परत लावल्या. मला वाटलं होतं, मी त्याच्या वस्तूची नीट काळजी घेतली.

हे मी सांगत असताना मिलिंद जमिनीकडे बघत होता. हवालदारांनी फळी उचलली, बंदुकीचा नेम धरावा तशी एका डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली. एक कोपरा वर उठला होता.

"साबन कुठला?"

"कपड्यांचा."

"उन्हात ठिवल्यावर उलटीपालटी केली हुती का?"

"नाही."

"तितं चुकलं बघा. उलटीपालटी करायची."

मला बोललेलं एवढंच. तारा त्यांनी दोन मिनिटांत सरळ केल्या. हवा अडवणारी नवी पट्टी चिकटवायला पाच मिनिटं. फळीशी मात्र थांबले.

"ही आता बसत न्हाई. दाबून बसवीन, पर चार म्हैन्यांनी पुन्ना उठंल. नवी घालावी लागंल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आवाज पायजे का फळी?"

त्या फळीवर विनयनं पांढऱ्या रंगात स्वतःचं नाव लिहिलं होतं. टेम्पोत सगळ्यांचं सामान एकत्र भरायचं, अदलाबदल होऊ नये म्हणून. माझ्या घासण्यानं ते गेलं नव्हतं. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले.

"घाई न्हाई. ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले. पेटी तिथं ठेवून आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला फोन आला. "बाई, खरात बोलतोय. पेटी बरी हाय. फळी वजनाखाली ठिवलीय, बघू." तिसऱ्या दिवशी सहाला, "आज जरा बसल्यागत वाटतीय." चौथ्या दिवशी, "उठली माघारी." मला फोनवर बोलायचा कंटाळा. पण सहाव्या दिवशी मी पावणेसहालाच चहा करून फोनजवळ बसले होते.

"तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना असा रोज फोन करता?" मी विचारलं.



"न्हाई वो," ते म्हणाले. "आमची मंडळी हुती तवा तिला वडूजला फोन लावायचो. आज कुठली पेटी आली, काय निघालं. तिला त्यातलं काय कळत न्हवतं. ऐकायची आन 'बरं' म्हनायची."

  ग्रंथालयात इतकी वर्षं काढूनही अशा वेळी काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"बरं," मी म्हणाले.

मग मी चहाचा कप खाली ठेवला.

"आवाज," मी म्हणाले. "नवी फळी घाला."

"बरं," हवालदार म्हणाले.

पुढच्या रविवारी मिलिंदनं पेटी आणली आणि विनयच्या खोलीत लावली. मी पुस्तक घेऊन भिंतीच्या अलीकडे बसले. त्यानं जाड तार एकदा वाजवली. सूर आला आणि आला तसा थांबला. मला कळलं, पेटी अगदी पहिल्यासारखी झाली आहे. हेही कळलं, की वाजवणारा मिलिंद आहे.

"ताई, बरोबर आहे का?" त्यानं पलीकडून विचारलं.

"बरोबर आहे. वाजव."

तो तासभर वाजवत होता. 'जरा हळू' असं मी म्हटलं नाही.

जुनी फळी आता पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी आहे. मिलिंद रविवारी येतो, इतर दिवशी पेटी बंद असते. संध्याकाळी सहाला कुपवाडहून फोन येतो. आज कुठली पेटी आली, काय निघालं, ते हवालदार सांगतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी ऐकते.